पावसाळ्यात घोडी बुजायला लागली तेव्हा... माझा अनुभव

आमची पाखरी सारंगखेड्याच्या बाजारातनं आणलेली. दत्तजयंतीच्या यात्रेत तापीच्या काठावर थंडीत तीन दिवस फिरलो, पन्नासेक जनावरं बघितली आणि मग ही घेतली. कुमेत रंग, कपाळावर चांद, सहा वर्षांची. घेताना तिच्या शेजारनं मोटरसायकल रेस करून नेली, पोरांनी शिट्ट्या मारल्या, लांब कुठंतरी फटाका वाजला, तिनं फक्त कान फिरवले. घरी पुरंदरला आणली आणि डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत एक दिवस तक्रार नाही. माझी नऊ वर्षांची पोरगी तिला पाण्यावर न्यायची.

आणि जुलैत ती घोडी बदललीच.

म्हणजे खरंच सांगतो, वेगळं जनावर. खरारा करताना अंगाला हात लावला की कातडी थरथरायची, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळायला गेलं की मान वळवून चावायला यायची, रस्त्यानं चालताना मान वर, नाकपुड्या फुगलेल्या, सारखं फुरफुरणं. रोजच्या वाटेवर एक मोरी आहे, पलीकडं कांदा चाळ, तिच्यावरची ताडपत्री वाऱ्यानं फडफडली आणि ही अशी बुजली की एका दमात आडवी रस्ता ओलांडून उधळली. मी खाली. मनगट गेलं, प्लास्टर, सहा आठवडे. घोडी दोन किलोमीटरवर एका विहिरीजवळ सापडली, लगाम तुटलेला. त्या विहिरीला कठडा नाही, ते अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

मग सगळ्यांनी सांगायला सुरुवात केली. कुणी म्हणालं बाजारात गोळी देऊन शांत केली असणार, तुम्हाला फसवलं. पण गोळीचा असर सहा महिने राहतो का, हे कुणी विचारलं नाही. एकानं अंगावरचे भोवरे बघितले आणि म्हणाला हा भोवरा वाईट, धन्याला पाडणारच. आमचे अण्णा म्हणाले विकून टाक, घरात लहान पोर आहे. अण्णांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना नातीची काळजी. पण मला सारखं वाटत होतं की सहा महिने जी घोडी पोरीच्या हातात चालली तिचा स्वभाव एकाएकी कसा फिरेल, काहीतरी दुखत असेल किंवा काहीतरी बदललं असेल.

डॉक्टरांना बोलावलं. घोड्याचं काम केलेले डॉक्टर आमच्याकडं जवळ नाहीत, लांबनं आणावे लागले, पण दोन तास थांबले आणि एकेक गोष्ट बाजूला काढत गेले. आधी ताप, मग डोळ्यांत बॅटरी मारून दोन्ही डोळे, कारण दिसायला कमी झालं की घोडं बुजतं. मग दात. मागच्या दाढांना कडा आलेल्या, त्या कानशीनं घासून घेतल्या. रक्त घेतलं सर्ऱ्यासाठी. पावसाळ्यात गोमाशा वाढल्या की हा सर्रा पसरतो, घोड्याला ताप येत-जात राहतो, रक्त कमी होतं, पायाला-पोटाला सूज येते, वेळेत कळलं नाही तर जनावर जातं. त्याचा रिपोर्ट नंतर निगेटिव्ह आला. मग त्यांनी खाण्याची कोठी दाखव म्हणून सांगितलं आणि मक्याच्या भरड्याच्या पोत्यात हात घातला, तळाला गोळे झालेले, वास कुबट. ते पोतं त्यांनी माझ्यासमोर उकिरड्यावर ओतायला लावलं, आणि गाईला पण घालू नका म्हणाले. बुरशी लागलेला मका घोड्याच्या थेट मेंदूवर जाऊ शकतो, हे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. नशीब की नुकतंच पोतं फोडलेलं आणि तिनं त्यातलं फार खाल्लं नव्हतं, चालण्यात, तोल सांभाळण्यात काही फरक नव्हता.

हे सगळं बघून झाल्यावर त्यांनी विचारलं, मे महिन्यात काय खात होती आणि आता काय खाते, सगळं सांगा. मी सांगत गेलो आणि सांगता सांगता माझं मलाच कळायला लागलं.

मे महिन्यात कडब्याची कुट्टी, थोडं गव्हाचं काड, आणि चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, दोन किलो भिजवलेला हरभरा. रोज दीड-दोन तास रपेट. जूनमध्ये पाऊस झाला, जुलैला माळावर हिरवंगार गवत आलं, आणि मी खूश होऊन एक दिवस सकाळी सोडली ती संध्याकाळी आणली. पुढं रोज तेच. वर शेजारच्या गोठ्यातनं कापलेलं नेपिअर, म्हणजे हत्ती गवत. कडब्याला तोंड लावेना म्हणून मी पण कडबा घालायचा सोडला. त्यात चिखलामुळं बारा दिवस रपेट बंद, पण चंदी तीच, पूर्ण दोन किलो, वर मक्याचा भरडा. लीद पातळ झालेली मला दिसत होती, पण हिरवं खाल्लं की गाईचं शेण पण पातळ होतं म्हणून सोडून दिलं.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. गाय चारा आधी पोटात आंबवते, घोड्याचं आंबवण्याचं काम मागच्या बाजूला, मोठ्या आतड्यात चालतं. तिथले जंतू रोजच्या खाण्याला सरावलेले असतात. खाणं एकदम बदललं की ते बिघडतात, गॅस होतो, आम्ल वाढतं, जनावर आतनं अस्वस्थ. कोवळ्या गवतात तंतू कमी आणि पाणीच पाणी, शेकडा 80 भाग. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास सुटत असतं आणि लाळ फक्त चावताना येते. कडबा चावायला वेळ लागतो, लाळ भरपूर सुटते. कोवळं गवत पटकन उतरतं, लाळ कमी येते आणि आम्लानं जठर जळजळतं. म्हणून तंग आवळला की चावायला यायची, तिथं तिला दुखत होतं. तिला दुखत होतं आणि मी तिला खोडकर समजून दोनदा ओरडलो होतो, याचं मला फार वाईट वाटलं.

नेपिअरबद्दल वेगळंच. त्यात ऑक्झलेट जास्त असतं, ते कॅल्शियमला धरून ठेवतं, घोड्याला ते मिळत नाही. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू ऑक्झलेट बऱ्यापैकी मोडतात म्हणून त्यांना चालून जातं. घोड्याला महिनोन्‌महिने तेच घातलं आणि वर गव्हाचा कोंडा, की हाडं पोकळ होऊन तोंडाची हाडं सुजतात. तेव्हापासून आमच्याकडं घोडीला नेपिअर बंद. आणि कोवळी ज्वारी तर नाहीच, किराळ लागते, म्हणजे तिच्यातलं विष चढतं, हे शेतकऱ्याला सांगायला नको, पण घोड्याला त्यानं लघवीचा आणि मागच्या पायांचा त्रास पण होतो.

मग टेप घेऊन माप काढलं. छातीचा घेर 165 सेंटीमीटर, लांबी 152. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,880. वजन आलं साधारण 348 किलो. वजनाच्या शेकडा 2 भाग कोरडा चारा धरला तर रोज सात किलो. तेवढं फक्त कोवळ्या गवतातनं भागवायचं म्हणलं तर 35 किलो गवत.

दुसऱ्या दिवसापासनं असं केलं. चंदी जवळजवळ बंद, दोन मुठी भिजवलेला हरभरा फक्त मीठ कालवायला. मीठ रोज 30-35 ग्राम, कारण कोवळ्या गवतात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम नसल्यात जमा. आधी पोटभर कडबा, मगच माळावर, आणि ते पण पहिले तीन दिवस घड्याळ लावून 20 मिनिटं. पाण्यावर आणि कडब्यावर लक्ष. मग दर दोन दिवसांनी 20 मिनिटं वाढवत तीन आठवड्यांनी साडेतीन तासांवर आलो, अजून पण त्याच्यावर जात नाही. बांधून ठेवायचं बंद केलं. खळ्यावर मुरूम आहे तिथं चिखल होत नाही, तिथं मोकळी सोडायची. माझा हात प्लास्टरमध्ये, म्हणून भाऊ रोज अर्धा तास हातात धरून चालवायचा, दोन्ही बाजूंनी वळवत. संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर, माशांसाठी.

पहिले चार दिवस काहीच फरक नाही, मी हिरमुसलो होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी लीद बांधून पडायला लागली. अंगाची थरथर साधारण दहाव्या दिवशी गेली. बुजणं मात्र हळूहळू गेलं, त्याला महिना लागला.

एक वही ठेवली होती, त्यातनं अजून एक कळलं. दर तीन आठवड्यांनी चार-पाच दिवस ती परत तापट व्हायची, खाणं तेच असून. ती माजावर यायची. ते कळल्यावर त्या दिवसांत तिच्यावर खोगीर टाकायचं बंद केलं, फक्त चालवायची.

आणि रस्ता. मे महिन्यात त्या वाटेला दोन्हीकडं उघडी माती असते, जुलैत कमरेएवढं गवत, त्यात सरडा हलला, लावा पक्षी उडाला तरी घोडीला वाटतं कुणीतरी दबा धरून बसलंय. तिचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त नाकासमोर आणि शेपटीमागं दिसत नाही. आपल्याला तोच रस्ता वाटतो, तिला तो नवा असतो. म्हणून आता पाऊस लागला की मी पहिला आठवडा पायीच घेऊन जातो, मोरीपाशी थांबतो, ताडपत्री बघू देतो, हुंगू देतो, घाई करत नाही.

मोबाईलवर परदेशी व्हिडिओ बघून फ्रुक्टॅनला, म्हणजे गवतात साठणाऱ्या एका साखरेला, घाबरणारे पण मला भेटलेत. ते गवत थंड प्रदेशातलं, रायग्राससारखं. आपलं मारवेल, पवना, हरळी वेगळं, त्यात साठा असतो तो बहुतेक स्टार्चचा. तिथले डोस, तिथल्या पुड्या जशाच्या तशा आपल्याकडं आणू नयेत असं माझं मत आहे. आधी डॉक्टरांकडनं दुखणं नाही ना ते बघा, मग चारा बघा.

दसऱ्याला पाखरीची पूजा केली तेव्हा माळावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं आणि ती पोरीच्या हातनं गूळ खात होती. अण्णांनीच झेंडूची माळ घातली. विकायचा विषय परत निघाला नाही.

पुढच्या वर्षी तयारी आधीच केली. मृगाच्या आधी कडब्याची गंज उंच फळ्यांवर रचून वरनं नीट झाकली, खाली ओल जाऊ दिली नाही, कारण पावसाळ्यात कडबा काळा पडला की तो पण घालता येत नाही. मेच्या शेवटापासनंच चंदी कमी करत आणली. जुलैत ती थोडी फुरफुरली, दोनदा बाजूला सरकली, पण उधळली नाही. या वर्षी दोनशे पेंढ्या जास्तीच्या घेतल्यात, एक पेंढी रोज संध्याकाळी तिच्यासमोर टाकतो आणि ती संपेपर्यंत तिथंच बसतो. कडाकडा चावत असते.