कर्णाचा ण

माझा जुना कीबोर्ड तेरा वर्षं चालला. यंदा श्रावणात पाऊस असा लागून राहिला की घरातली कोरडी जागा शोधत बारीक मुंग्या त्याच्यात शिरल्या आणि त्यांनी आत अंडी नेऊन ठेवली. एका शनिवारी दुपारी मधल्या ओळीतली निम्मी बटणं उमटेनाशी झाली.

गणपतीच्या चवथीत आमच्या वाड्यावर नाटक होतं. यंदाचं नानांनी लिहिलं आहे, कर्णावरचं, तीन अंकी. शंभर पानी तीन वह्या, बारीक अक्षर, समासात रंगसूचना. टाइप करायचं काम माझ्याकडे होतं आणि सोमवारी रात्री पहिल्या अंकाची तालीम होती. मी तशीच बांदोड्याहून बस धरून नवा कीबोर्ड घ्यायला फोंड्याला गेले. पोचेपर्यंत साडेसात झाले, दुकानाचं अर्धं शटर खाली आलेलं. "आसा बाय, पूण एकूच उरला," दुकानदार म्हणाला. 349 रुपये. खोका उघडून बघू का विचारलं तर म्हणाला, उघडला तर परत घेणार नाही. मला शेवटची बस गाठायची होती. पैसे दिले आणि निघाले.

घरी आल्यावर हातात घेतला तेव्हाच तो फार हलका लागला. खाली रबराचे पाय नव्हते, त्यामुळे टाइप करताना टेबलावर सरकत राहायचा. एफ आणि जेवरच्या रेघा बोटाला जेमतेम लागत. पण अक्षरं उमटत होती, आणि वह्या समोर होत्या.

मी इन्स्क्रिप्टमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांच्या ठरलेल्या बटण-मांडणीत टाइप करते, पडद्याकडे न बघता. नजर वहीवर असते. या पद्धतीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. म आणि ण मात्र डावीकडे, दोन्ही सीच्या बटणावर. नुसतं दाबलं की म, शिफ्टसह दाबलं की ण. सी डाव्या हाताचं, म्हणून शिफ्ट उजव्या करंगळीने दाबावी लागते. अ, आ, इ, उ यांनाही तीच करंगळी. ती शिफ्ट नीट लागली नाही तर आच्या जागी नुसता काना येतो, आणि शब्दाच्या सुरुवातीला काना आला की टिंबांचं वर्तुळ दिसतं. तशी वर्तुळं मला रविवारी बरीच दिसली, सगळी मी दुरुस्त केली. वाटलं, घाईत बोट घसरत असेल.

ण मात्र दिसला नाही. कारण त्याच्या जागी आलेला म हेही चांगलं सुटसुटीत अक्षरच. 'पाणी'चं 'पामी' झालेलं वाचताना कळतं. पण 'कर्ण'चं 'कर्म' झालं तर? तो खरा शब्द आहे, त्याच्याखाली लाल रेघ येत नाही. आणि कर्णाच्या नाटकात कर्म हा शब्द तर पानोपानी येतो.

सोमवारी तालमीत नानांनी प्रत उघडली. पहिल्याच पानावर 'हे कर्णाचं कर्म नव्हे' असं वाक्य आहे, तिथे 'हे कर्माचं कर्म नव्हे' छापलेलं. ते काही बोलले नाहीत. खिशातून पेन काढून त्यांनी म खोडला, वर ण लिहिला, पुढचं पान उलटलं. कर्णाचं काम करणारा मुलगा तोपर्यंत वाक्य छापलंय तसंच मोठ्याने वाचून गेला होता. मला फार वाईट वाटलं. नानांनी दोन वर्षं घालून लिहिलेलं नाटक पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं, ते असं.

सगळीकडे शोधून बदलून टाकावं तर तेही जमेना. 'कर्म'चं 'कर्ण' केलं की खरी कर्मंही जाणार. मंगळवारी बसून एकेक पाहिलं. पहिल्या अंकात 61 जागा निघाल्या, त्यात दोन द्रोण आणि एक कृष्ण.

रात्री तो कीबोर्ड मी स्क्रू ड्रायव्हरने उघडला. आत काड्यापेटीएवढी सर्किटची पट्टी, रबराची चादर आणि तिच्याखाली पातळ प्लॅस्टिकचे तीन थर. वरच्या-खालच्या थरांवर शाईच्या रेघा, बटण दाबलं की मधल्या थराच्या भोकातून त्या एकमेकींना टेकतात. स्पेसच्या लांब बटणाखाली तारेची दांडी होती. शिफ्टही रुंद बटण, पण तिच्याखाली तार नव्हती. मधोमध दाबली की लागायची. करंगळी पोचते त्या कडेला दाबली की बटण तिरकं व्हायचं आणि मधलं रबर पुरतं दबायचंच नाही. एका तारेची काटकसर! मराठीत ण किती वेळा येतो हे ती वाचवणाऱ्याला कुठून ठाऊक असणार. पण ज्या गावात तो कीबोर्ड विकला जातो तिथे कोणीतरी मराठी लिहिणारच.

बुधवारी मी लॅपटॉप पिशवीत घालून पणजीला गेले. दुकानदाराला आधीच सांगितलं, जोडून बघितल्याशिवाय घेणार नाही. त्याने तीन काढून दिले. प्रत्येकावर शिफ्टच्या अगदी कडेला करंगळी ठेवून 'आणि कर्ण म्हणाला' वीस वीस वेळा लिहिलं. तिसऱ्यावर एकही ण चुकला नाही. 1,150 रुपये.

दुसरा अंक आता त्याच्यावरच चाललाय. शुक्रवारी नाना वह्या घेऊन येणार आहेत. ते मूळ वाचतील, मी पडद्यावर बघत जाईन, आणि मगच प्रती काढायला देईन.