टँपिंगची नोंदवही : तिसरा महिना

पहिले दोन महिने मी टँपिंगकडे, म्हणजे एस्प्रेसो काढण्याआधी कॉफीची पूड टँपर या दट्ट्याने दाबून बसवण्याकडे, जोराचा प्रश्न म्हणून पाहत होते. ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो दाब द्यावा, ही जुनी शिकवण प्रमाण मानून मी वजनकाट्यावर टँपर टेकवून रोज सकाळी हाताला वळण लावत असे. या महिन्यातील नोंदींनंतर माझे मत बदलले आहे.

चिकमगळूरच्या एकाच भाजणीच्या बिया, ग्राइंडरचा एकच आकडा, १८ ग्रॅम पूड आणि ३६ ग्रॅम एस्प्रेसो एवढे कायम ठेवून मी आधी दहा आणि मग वीस किलोंच्या दाबाने सहा-सहा शॉट, म्हणजे एस्प्रेसोचे एकेक कप, काढले. सगळे २७ ते २९ सेकंदांत उतरले आणि चवीतला फरक मला ओळखता आला नाही. पुढे दाब पंधरा किलोंवर ठेवून टँपर मुद्दाम किंचित कलता धरला, तेव्हा तळ उघडा असलेल्या पोर्टाफिल्टरखाली, म्हणजे पुडीची गाळणी बसवायच्या मुठीखाली, एका बाजूने फिकट धार आधीच सुटली, शॉट २२ सेकंदांत संपला आणि कपात आंबटपणा व कडवटपणा एकाच वेळी जाणवला.

याचे कारण मला आता नीट उमगले आहे. पुडीतील मोकळी हवा निघून कण एकमेकांना भिडले, की आणखी जोर लावून दाबलेल्या पुडीची चकती फारशी घट्ट होत नाही. शिवाय ५८ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर ९ बार दाबाचे पाणी दोनशे चाळीस किलोंच्या आसपास भार टाकते, त्यापुढे हातातल्या पाच-दहा किलोंच्या फरकाला कितीसे महत्त्व उरणार? पण चकती एका बाजूला पातळ राहिली, तर पाणी तिथूनच वाट काढते, त्या भागातून नको तितका अर्क ओढते आणि उरलेली पूड अर्धवटच भिजवते.

म्हणून सध्या माझे सारे लक्ष समतलपणावर आहे. आमचा ओटा माझ्या उंचीला जास्त असल्याने कोपर वर उचलले जाई आणि मनगट वाकत असे. आता मी पाटावर उभी राहते, त्यामुळे कोपर टँपरच्या बरोबर वर येते आणि दाब खांद्यातून सरळ खाली उतरतो. अंगठा व तर्जनी टँपरच्या कडेवर ठेवून बास्केटचा, म्हणजे पूड भरायच्या गाळणीचा, काठ चाचपला, की कल डोळ्यांआधी बोटांना कळतो. टँप केल्यावर पोर्टाफिल्टरच्या कडेला ठोकण्याची सवय मी पूर्णपणे सोडली, कारण त्या धक्क्याने चकती काठापासून सुटते. शेवटी टँपर फिरवल्याने पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, एवढाच त्याचा उपयोग मला आढळला. मूळचा ५८ मिलिमीटरचा टँपर बदलून ५८.५ चा घेतल्यावर काठालगत उरणारे सैल पुडीचे कडे नाहीसे झाले, आणि हा खर्च मला सर्वार्थाने योग्य वाटतो.

टँपिंगच्या आधीची पायरी मात्र मी इतके दिवस कमी लेखली होती. जॉन वाइस यांनी २००५ साली सुचवलेली, बारीक सुईने पूड ढवळून गुठळ्या मोडण्याची पद्धत मी बुचात चार पातळ सुया खोचून करते. तळापासून सुरुवात करून हळूहळू वर येत ढवळले नाही, तर खालच्या गुठळ्या तशाच राहतात आणि वरून कितीही समतल दाबले तरी चकतीची घनता विषमच राहते.

शेवटच्या तीस शॉटपैकी चारांत खालून पिचकारी उडाली. नोंदी पाहता त्या चारही दिवशी मी घाईत ढवळणे टाळले होते. पुढच्या महिन्यात हेच मोजमाप १६ ग्रॅमच्या मात्रेवर करणार आहे, कारण चकती पातळ झाल्यावर तेवढाच कल अधिक नडतो का, हे मला पाहायचे आहे.