येडेपणा की मूर्खपणा?

माद्रिदला येऊन दीड वर्ष झालं तरी माझं स्पॅनिश कधी कुठे घसरेल सांगता येत नाही. आज लंचला टीममधला एकजण म्हणाला संध्याकाळी चालतच घरी जाणार, ३८ डिग्रीत! मला म्हणायचं होतं 'काय येडेपणा', तोंडातून निघालं एस्तुपिदेथ. टेबल एकदम शांत 🙈 शेजारचीने हळूच सांगितलं, तोंतेरिया म्हण किंवा बोबादा, तुझा शब्द लागतो माणसाला. डिक्शनरीत या सगळ्या शब्दांपुढे 'मूर्खपणा' एवढंच लिहिलंय हो!

तोंतेरिया तर इतकं सौम्य की छोटंसं गिफ्ट देतानाही 'उना तोंतेरिया' म्हणतात, आपलं 'काही नाही हो, असंच आणलं' तसं. आणि नेसियो म्हणजे मूळ लॅटिनमध्ये 'न जाणणारा', इथे मूर्ख, पण आमच्यातला मेक्सिकन म्हणतो आमच्याकडे नेसियो म्हणजे हट्टी, आई मला लहानपणापासून तेच म्हणते. त्याच 'येडेपणा' अर्थाचा चोर्रादा पण आहे एक, पण तो शब्द ऐकला की मला उगाच चोर आठवतो.

रात्री त्या चालणाऱ्याला सॉरीचा मेसेज टाकला, त्यातही तोंतेरिया की बोबादा यात दहा मिनिटं गेली.