एका दात्याने खाल्ले तीन महिने

ज्याची गाडी आत्ता थरथरते आहे, त्याच्यासाठी मुद्दा आधीच सांगतो: प्रोपेलर शाफ्ट (इंजिनाची गती चाकांच्या ॲक्सलपर्यंत नेणारा लांब फिरता दांडा) गाडीतून काढण्याआधी त्यावर खुणा करा. दोन्ही टोकांच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने जोडायच्या तबकड्यांवर, आणि मधल्या स्लिप जॉइंटच्या, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या सांध्याच्या, दोन्ही भागांवर. खडूने नाही, मार्करनेही नाही, सेंटर पंचने. मी ते केलं नाही आणि तीन महिने गेले.

गाडीला चारही बाजूंना पाट्यांच्या कमानी, पार्ट-टाइम फोर बाय फोर, म्हणजे हवं तेव्हाच चारही चाकांना जोर. मागचा शाफ्ट साधा, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (कोनातही फिरू देणारा सांधा) आणि मध्ये स्प्लाइनवर, म्हणजे लांब दात्यांवर, सरकणारा स्लिप जॉइंट. गाडी उंच करणारं 2 इंचांचं लिफ्ट किट बसवलं. ते काम सुरळीत झालं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मग गाडी मोठ्या रस्त्यावर काढली. ताशी 65 ओलांडले आणि सीटखालून एक घुमणारा आवाज सुरू झाला. 70 ला मागचा आरसा असा थरथरायला लागला की मागच्या गाडीचे दोन दिव्यांऐवजी दोन पट्टे दिसावेत. 90 ला गिअरच्या दांड्यावर हात ठेवला तर तळव्याला मुंग्या येत.

सुरुवात सगळे करतात तिथूनच केली, टायरपासून. चारही चाकं बॅलन्स केली, पुढची मागे घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी. थोडं गणित आधी केलं असतं तर हा फेरा वाचला असता. माझे टायर 31 इंचांचे, डिफरेन्शियलचा रेशो 4.1, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात शाफ्टचे 4.1 फेरे. ताशी 70 ला चाक सेकंदाला जेमतेम 8 फेरे घेतं आणि शाफ्ट 32. चाकाचा दोष असेल तर गाडी हलते, स्टिअरिंग डुलतं, ते हेलकावे जवळजवळ मोजता येतात. शाफ्टचा दोष मोजता येत नाही, तो घोंघावतो. माझी गाडी घोंघावत होती. आपल्या टायरचा व्यास आणि रेशो घेऊन हे आकडे कागदावर काढायला पाच मिनिटं लागतात.

चालत्या गाडीत न्यूट्रल करून पाहिलं, थरथर राहिलीच. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. मग मागचा शाफ्ट पूर्ण काढला आणि फोर-हायमध्ये (पुढच्या चाकांनाही जोर देणाऱ्या, नेहमीच्या वेगाच्या गिअरमध्ये) नुसत्या पुढच्या चाकांवर गाडी चालवली. लोण्यासारखी चालली. (हे करताना एक जपा: काही गाड्यांचा हँडब्रेक ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या शाफ्टना गती वाटणाऱ्या पेटीच्या, मागच्या बाजूला असतो. शाफ्ट काढला की तो मागची चाकं धरत नाही, आणि फोर-व्हील सुटलेलं असेल तर गिअरमध्ये ठेवूनही गाडी थांबत नाही. आधी चाकांना ठोकळे लावा, मग खाली शिरा.) दोषी मागचा शाफ्ट, हे इथवर चार दिवसांत कळलं होतं. मी खुशीत होतो.

आणि खुशीतच तो शाफ्ट बॅलन्सिंगला नेऊन दिला. इथे माशी शिंकली.

त्यांनी शाफ्ट खोलला, दोन्ही क्रॉस बदलले, स्लिप जॉइंट बाहेर काढून धुतला, नवं ग्रीस भरलं, मशीनवर फिरवला, वजनाच्या दोन टिकल्या वेल्ड केल्या आणि वरून काळा चकचकीत रंग मारून दिला. काम दिसायला इतकं सुबक की हातात घेऊन बरं वाटलं. गाडीत बसवला, रस्त्यावर गेलो. 65 ओलांडले आणि तोच आवाज. जराही फरक नाही.

शाफ्ट परत नेला. "मशीनवर टाकून बघतो," म्हणाले. दोन दिवसांनी उत्तर आलं: "शाफ्ट ओके आहे, गाडीत बघा." पुन्हा बसवला, तेच. तिसऱ्यांदा मी हट्टाने मशीनपाशी उभा राहिलो. शाफ्ट फिरला, काटा हलला नाही. त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मशीन खोटं बोलत नाही." राग इतका आला होता, पण बोलणार काय? काटा माझ्या डोळ्यांसमोर स्थिर होता. दर खेपेला रांग, दर खेपेला दोन दिवस, दर खेपेला शाफ्ट खांद्यावर घेऊन जायचं आणि उताणं पडून आठ बोल्ट आवळायचे. या वाऱ्यांमध्येच दीड महिना गेला.

मशीन खरंच खोटं बोलत नव्हतं. पण बॅलन्सिंगच्या मशीनवर शाफ्ट सरळ रेषेत फिरतो. गाडीत तो कोनात फिरतो. मशीन वजन तोलतं. कोनाचं दुखणं त्याला दिसतच नाही. हे तिथल्या एकानेही सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

खूण तर पहिल्या दिवसापासून होती. माझी थरथर ॲक्सिलरेटर दाबला की वाढायची आणि पाय काढला की जरा कमी व्हायची. बॅलन्स बिघडलेल्या शाफ्टला तुमचा पाय कुठे आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त वेग कळतो. जोर दिल्यावर थरथर बदलत असेल तर आधी कोन मोजा. कमानीच्या गाडीत जोर लावला की पाटे थोडे पिळतात आणि पिनियनचं (शाफ्टकडून डिफरेन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याचं) नाक वर उचललं जातं, म्हणजे कोन बदलतो. ही एक ओळ मला वेळेवर कोणी सांगितली असती तर!

कोनाचं प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो. क्रॉस कोनात फिरला की एका बाजूने सारख्या वेगाने आलेली गती दुसऱ्या बाजूला सारखी राहत नाही. प्रत्येक फेऱ्यात ती दोनदा वाढते, दोनदा घटते. 8 अंशांच्या कोनाला हा फरक दोन्हीकडे जवळपास 1 टक्का. ऐकायला किरकोळ, पण सेकंदाला 32 फेरे म्हणजे 64 धक्के. आणि कोन दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. यावरचा उपाय शाफ्टच्या रचनेतच असतो: दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात, आणि शाफ्टच्या दोन्ही बाजूंच्या योकचे, म्हणजे क्रॉस धरणाऱ्या दुबेळक्यांचे, कान एकाच पातळीत. मग पहिल्याने घातलेला गोंधळ दुसरा निस्तरतो. दोन्ही अटी पाळल्या तरच.

चुंबक असलेला डिजिटल कोनमापक आणला. गाडी चारही चाकांवर, रोजच्या वजनासह, सपाट जागी उभी. जॅकवर उचलून मोजलेले कोन फुकट जातात, कारण ॲक्सल लटकतो. ट्रान्स्फर केसचा मागचा फ्लँज आणि पिनियनचा फ्लँज यांच्या मशीनिंग केलेल्या सपाट तोंडांवर मोजलं. डिफरेन्शियलच्या ओतीव कव्हरवर मोजू नका, मी आधी तेच केलं आणि एक संध्याकाळ वाया घालवली. आकडे असे आले: ट्रान्स्फर केसचा उतार 3 अंश, शाफ्टचा 11, पिनियन 7. म्हणजे पुढच्या क्रॉसला 8 अंश आणि मागच्याला 4. बरोबरी नाहीच.

पिनियन 7 वर गेला कसा? किटसोबत 4 अंशांच्या पाचरी आल्या होत्या, कमान आणि ॲक्सल यांच्यामध्ये घालायच्या. सूचनेप्रमाणे जाड बाजू मागे ठेवली आणि पिनियनचं नाक वर उचललं गेलं. नाक ट्रान्स्फर केसकडे रोखायचं हे खरं, पण ज्या शाफ्टला पुढच्या टोकाला डबल कार्डन, म्हणजे जोड-क्रॉस असतो, त्याच्यासाठी. तिथे पुढचा जोड आपला गोंधळ आपणच निस्तरतो, म्हणून मागचा क्रॉस जवळपास सरळ ठेवायचा, जोर आल्यावर नाक उचललं जाईल या हिशोबाने एखाद्या अंशाने खाली. साध्या शाफ्टला पिनियन ट्रान्स्फर केसच्या दांड्याला समांतर हवा. किटच्या कागदावर हा फरक एका शब्दानेही लिहिलेला नव्हता. त्याचा राग अजून आहे.

पाचरी काढल्या. पिनियन 3 वर आला, दोन्ही क्रॉस 8-8. कागदावर गणित जुळलं. जीव भांड्यात पडला असं वाटून रस्त्यावर गेलो आणि 65 ला तोच आवाज.

त्या रात्री मी पाचरी परत घालणार होतो. माझा कोनांवरचा विश्वासच उडाला होता. पण कमान आणि ॲक्सल एकत्र धरणारे यू-बोल्ट एकदा पूर्ण ताणून आवळले की पुन्हा वापरू नयेत, आणि आणलेला नवा संच मी पाचरी काढतानाच वापरून टाकला होता. पाचरी बाहेर राहिल्या. तेवढ्यानेच वाचलो.

दुसऱ्या दिवशी शाफ्ट काढून दोन लाकडी ठोकळ्यांवर ठेवला. दोन्ही टोकांचे क्रॉस काढले. योकच्या कानांच्या भोकांतून एकेक सरळ सळई आरपार घातली आणि एका टोकाशी गुडघ्यावर बसून एक डोळा मिटून पाहिलं. जवळची सळई दूरच्या सळईवर बरोबर झाकली जायला हवी होती. ती झाकली गेली नाही. दोन सळया अर्धवट उघडलेल्या कात्रीसारख्या दिसत होत्या.

माझ्या स्लिप जॉइंटला 16 दाते. एक दाता म्हणजे साडेबावीस अंश. धुताना बाहेर काढलेला स्लिप जॉइंट परत घालताना एक दाता चुकवला होता. मूळच्या खुणा शाफ्टवर असणारच, म्हणून पॉलिश पेपरने तो काळा रंग घासला. रंगाखाली दोन छोटे बाण निघाले, एकमेकांपासून बोटभर सरकलेले. त्याच मूर्ख रंगाने त्या झाकल्या होत्या. किती वेळ त्या बाणांकडे पाहत बसलो होतो!

मग कागद घेऊन गणित केलं आणि सगळं कोडं सुटलं. धक्का कोनाच्या वर्गावर चालतो. पाचरी घातलेल्या आणि शाफ्ट बरोबर असताना 8 चा वर्ग 64 वजा 4 चा वर्ग 16, उरले 48, त्याचं वर्गमूळ सुमारे 7. म्हणजे 7 अंशांवर एकटाच क्रॉस चालतो आहे असा धक्का. पाचरी घातलेल्या आणि दाता चुकलेला, तर 7 च्या किंचित वर. पाचरी काढलेल्या आणि दाता चुकलेला, तर पुन्हा 7. (गती फेऱ्यात दोनदा हलते म्हणून साडेबावीस अंशांची चूक हिशोबात 45 धरायची.) सीटवर बसलेल्या माणसाला या तिन्हींत काय फरक कळणार? एक दोष मी घालवत होतो आणि दुसरा त्याची जागा भरून काढत होता. इथे घोडं पेंड खात होतं. दोन्ही एकदम बरोबर असतील तेव्हाच तो आकडा शून्यावर येणार होता.

बाण जुळवले. पण टिकल्या चुकलेल्या जागेसाठी वेल्ड केलेल्या, त्यामुळे आता बॅलन्स खरोखरच बिघडलेला. चौथ्यांदा त्याच दुकानात गेलो, कारण मशीन चांगलं होतं हे मला मान्य आहे. बाण दाखवले. "असं होतं कधी कधी," एवढंच उत्तर. स्लिप जॉइंट खोलायचा नाही, असं कागदावर लिहून शाफ्टला तारेने बांधलं आणि काम होईस्तोवर बाहेर बाकावर बसून राहिलो.

परत येताना 65, 70, 80. आरशातले दिवे दोन ठिपके होते. गिअरच्या दांड्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

95 च्या पुढे बारीक गुंजन अजून आहे. ते राहणार. 8 अंश हा मुळातच मोठा कोन आहे, वेगात चालणाऱ्या शाफ्टला 3 च्या आत असलेला बरा. दोन्ही टोकं एकमेकांना निस्तरतात, पण मधली नळी फेऱ्यात दोनदा वेग बदलतेच. ते घालवायचं तर ट्रान्स्फर केस इंचभर खाली घ्यायची किंवा डबल कार्डनचा शाफ्ट करायचा. पहिल्याने पोटाखालची जागा जाते, ज्यासाठी गाडी उचलली तीच. दुसऱ्याचं मी ठरवतो आहे, आणि केलं तर पिनियनचं नाक पुन्हा उचलावं लागेल. पाचरी म्हणूनच जपून ठेवल्या आहेत. कोन अगदी शून्यही नको हे लक्षात ठेवा. क्रॉसमधल्या सुया फिरल्या नाहीत तर एकाच जागी खळगे पाडतात. अर्धा-एक अंश हवाच.

एक सांगायचं राहिलं. गाडी उचलली की स्लिप जॉइंट बाहेर खेचला जातो. चाकं लटकती ठेवून पाहा, दाते आत पुरेसे गुंतलेले आहेत ना, आणि योक कुठे अडत नाही ना. आणि नवे यू-बोल्ट 500 किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. माझ्या चारांपैकी दोघांनी जवळपास पाव फेरा घेतला.