समन्स आलं की आधी मुदत बघा
दिवाणी दाव्याचं समन्स हातात पडलं की माणूस एकतर घाबरतो नाहीतर सरळ कपाटात टाकून देतो, आणि हे दुसरं खरंच महागात पडतं कारण मुदतीत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, दिली नाही तर कोर्ट एकतर्फी निकाल देऊ शकतं. कैफियत म्हणजे रागाने लिहिलेलं पत्र नाही हो. दाव्यातला एकेक परिच्छेद घ्यायचा आणि हे मान्य, हे अमान्य, हे मला माहीत नाही असं स्पष्ट लिहायचं. नुसतं 'सगळं खोटं आहे' म्हणून भागत नाही, जो मुद्दा नीट नाकारला नाही तो बऱ्याचदा कबूलच धरला जातो! दावा मुदतबाह्य आहे, म्हणजे कायद्याने ठरवलेल्या मुदतीनंतर लावलाय, पैसे आधीच फेडलेत, असले बचावही तिथेच मांडा. आणि उलट वादीकडूनच, म्हणजे दावा लावणाऱ्याकडूनच, तुमचं येणं असेल तर प्रतिदावाही करता येतो.