युरिन कल्चरचा रिपोर्ट नमुना घेतानाच बिघडतो

लघवीला जळजळ होते, सारखं जावं लागतं, म्हणून डॉक्टर युरिन कल्चर, म्हणजे लघवीतले जिवाणू वाढवून ओळखायची तपासणी, करायला सांगतात. त्या रिपोर्टवर किती भरवसा ठेवायचा, हे बरेचदा डबी लॅबमध्ये पोचण्याआधीच ठरलेलं असतं. रुग्णाला मात्र हातात डबी देण्यापलीकडे फारसं काही सांगितलं जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

मूत्रमार्गाच्या तोंडाशी आणि आसपासच्या त्वचेवर जिवाणू कायमच असतात. म्हणून पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार निर्जंतुक डबीत घ्यायची. त्याआधी हात धुवायचे, ती जागा पाण्याने स्वच्छ करायची. जंतुनाशक लावू नका. त्याचा अंश नमुन्यात उतरला तर जिवाणू वाढत नाहीत आणि रिपोर्ट खोटाच 'नॉर्मल' येतो. अँटिबायोटिकची पहिली गोळीसुद्धा नमुना दिल्यावरच घ्यायची, कारण तेच.

मग घड्याळाकडे लक्ष द्या. ई. कोलाय हा जिवाणू अनुकूल तापमानात साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो. नमुना 2 तासांत लॅबमध्ये पोचायला हवा, नाहीतर 4 अंश सेल्सिअसच्या आसपास फ्रीजमध्ये ठेवायचा, तोही जास्तीत जास्त 24 तास. सकाळची डबी दुपारपर्यंत टेबलावर राहिली, तर लॅब जे मोजते ते डबीत वाढलेले जिवाणू असतात.

लॅबमध्ये ठरावीक मापाच्या तारेच्या कडीने, बहुधा 0.001 मिलिलिटर, लघवी जिवाणू वाढवायच्या प्लेटवर पसरतात आणि 35 ते 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवतात. प्लेटवर 100 कॉलनी, म्हणजे एकेका जिवाणूपासून वाढलेले ठिपके, दिसल्या, तर मिलिलिटरला 1 लाख जिवाणू. संसर्ग धरण्याची नेहमीची सीमा हीच. पण ती काही दगडावरची रेघ नाही: स्पष्ट लक्षणं असतील आणि एकाच जातीचा जिवाणू वाढला असेल, तर कमी आकडाही महत्त्वाचा असतो. उलट तीन किंवा अधिक प्रकारचे जिवाणू निघाले, तर बहुतेक वेळा नमुना दूषित असतो. अशा वेळी औषध सुरू करण्यापेक्षा पुन्हा नीट नमुना द्यावा.

रिपोर्टमध्ये खाली औषधांची यादी येते: एस म्हणजे लागू पडेल, आर म्हणजे पडणार नाही. शेजारी एमआयसीचा, म्हणजे जिवाणूची वाढ थांबवणाऱ्या औषधाच्या किमान प्रमाणाचा, आकडा असेल, तर सर्वांत लहान आकड्याचं औषध सर्वांत चांगलं असं समजू नका. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, त्यामुळे हे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. औषध संसर्गाच्या जागी पोचतं का, हेही पाहावं लागतं. नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक लघवीत भरपूर उतरतं, पण मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसं पोचत नाही. म्हणून ताप आणि कुशीत दुखणं असेल, तर रिपोर्टवर एस असूनही ते चालत नाही.

आणि काहीच त्रास नसताना जिवाणू सापडले तर? गर्भारपण किंवा मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया अशा मोजक्या प्रसंगांत उपचार लागतात. एरवी अँटिबायोटिक घेऊन फायदा होत नाही, आणि औषधाला न जुमानणारे जिवाणू मात्र मागे उरतात.