चार तोफा आणि एक यंत्र

टेबलावर छोट्या सैनिकांच्या लढाया मांडणाऱ्या कुणाचंही कपाट उघडा, त्यात जर्मन अठ्ठ्याऐंशी सापडणारच. लांब नळीची, चार पाय पसरून बसलेली ८.८ सेंटिमीटरची विमानविरोधी तोफ. आणि बहुतेकांकडे ती एकटीच असते. झुडपाआड दडवायची, समोरून इंग्रजांचे रणगाडे आले की एकेक टिपायचा. मे १९४०मध्ये फ्रान्सात आरासजवळ जर्मन सेनापती रोमेलने या तोफा रणगाड्यांवर रोखल्या, पुढच्या वर्षी इजिप्तच्या हलफाया खिंडीतही तेच झालं. त्यामुळे इतिहासाच्या नावानं कुणाला नाक मुरडता येत नाही.

मला मात्र ती एकटी तोफ बघवत नाही. या छंदात काहींचा जीव रंगवण्यात असतो, तर काहींचा कुठल्या तुकडीत किती तोफा, किती गाड्या हे मोजण्यात. मी मोजणाऱ्यांतला. बॅटरी म्हणजे एकत्र मारा करणाऱ्या तोफांची तुकडी. तक्ता साधारण असा: जड बॅटरीत अठ्ठ्याऐंशीच्या ४ तोफा आणि खालून घुसणाऱ्या विमानांसाठी २० मिलिमीटरच्या दोन-तीन. हलक्या बॅटरीत २० मिलिमीटरच्या १२, नाहीतर ३७च्या ९. तीन जड आणि दोन हलक्या बॅटऱ्या मिळून एक मिश्र आबटाइलुंग, म्हणजे बटालियनच म्हणा. पुढे शहरांभोवतीच्या बॅटऱ्या सहा-आठ तोफांपर्यंत फुगल्या.

पण मुळात चार एकत्र का? विमान सहा हजार मीटरवर असेल तर गोळा तिथे पोचेपर्यंत ते कुठल्या कुठे गेलेलं असतं. म्हणून नेम धरायचा तो ते जिथे असणार आहे तिथे. हे गणित तोफेवरचा माणूस करत नाही. ते करतं बॅटरीच्या मधोमध ठेवलेलं कोमांडोगेरेट: चार मीटर लांबीचा अंतरमापक, त्याखाली दातेरी चाकांचं गणकयंत्र आणि त्याच्याभोवती माणसं. जुन्या यंत्राला तर दहा-बारा जण लागत. दिशा, उंची आणि गोळा किती सेकंदांनी फुटायचा हे तिन्ही आकडे तिथून केबलीनं प्रत्येक तोफेकडे जायचे. तोफेवरच्या माणसांनी फक्त आकड्यांच्या मागे चाकं फिरवायची, गोळ्याचं टोक फ्यूज, म्हणजे फुटायची वेळ, लावायच्या यंत्रात घालायचं आणि गोळा नळीत सारायचा.

म्हणजे बॅटरी रचलेली आहे ती तोफेभोवती नाही, त्या यंत्राभोवती. त्याच्याशिवाय त्या चार तोफा आकाशाच्या बाबतीत जवळजवळ आंधळ्या. रणगाड्यावर मात्र थेट दुर्बिणीतून बघून मारता येतं, म्हणूनच टेबलावर एकटीचं भागतं. आणि म्हणूनच तोफेचे साचे ढिगानं मिळतात, यंत्राचे शोधत फिरावं लागतं. मी ते शेवटी रिफिलची नळी आणि शर्टाची बटणं जोडून बनवलं. लांबून खपतं.

अंतरांचा हिशेब करायच्या फंदात मात्र पडू नये. १:७२च्या मापात दोन किलोमीटर म्हणजे जवळजवळ २८ मीटर. क्रिकेटची खेळपट्टीसुद्धा पुरत नाही. सहा हजार मीटरवरचं विमान टांगायचं तर टेबलापासून ८३ मीटर वर, म्हणजे पंचविसाव्या मजल्याच्या आसपास. दिवाळीच्या किल्ल्यावर दरवाज्यापेक्षा गवळण उंच असते आणि कुणाला खटकत नाही, तसंच आम्ही विमान तारेच्या दांडीवर वीतभर उंच लावतो आणि गप्प बसतो.

रंगाच्या बाबतीत मात्र मी गप्प बसत नाही. यातल्या बहुतेक तोफा लष्कराच्या नव्हत्याच, गोअरिंगच्या हवाई दलाच्या होत्या. लष्करानं १९४१पासून स्वतःच्या वेगळ्या तुकड्या उभ्या केल्या खऱ्या, पण त्या थोड्या. तेव्हा युरोपातल्या लढाईत अठ्ठ्याऐंशीभोवतीची माणसं निळसर करड्या गणवेशात हवीत, कॉलरवर लाल पट्टी. सगळे त्यांना पायदळाचा हिरवट रंग फासून मोकळे होतात.

वयाचं काय करायचं, हे मात्र अजून सुटलेलं नाही. फेब्रुवारी १९४३पासून घरच्या आघाडीवरच्या बॅटऱ्यांवर शाळेतली पंधरा-सोळा वर्षांची पोरं आणली गेली. वर्ग भरायचे ते तोफांशेजारीच, शिक्षक तिथे येऊन शिकवायचे. पुढे पोप झालेले सोळावे बेनेडिक्ट त्यांतलेच, म्युनिकच्या परिसरात. तक्त्यात एका माणसाची जागा म्हणजे एक माणूस. तो दाढी करतो की नाही याचा रकाना नसतो. बाजारात मिळणारे सैनिक तर सगळे रुंद जबड्याचे बाप्ये. मी काही जणांचे खांदे तासून बघितले. पोरं नाही दिसली, आजारी माणसं दिसली.

इंग्रजांचे रणगाडे चालवणारा माझा मित्र या सगळ्याला वैतागलेला आहे. ‘चारही तोफा मांडणार असशील तर मी येतच नाही,’ असं त्यानं फोनवर सांगितलंय. त्याचंही खरं आहे, चार अठ्ठ्याऐंशींसमोर त्याचा खेळ चहा उकळायच्या आत आटोपतो. तूर्त तडजोड अशी ठरली आहे: रविवारी दोनच तोफा, आणि यंत्र मांडायला त्याची हरकत नाही, कारण ते त्याच्या रणगाड्यांचं काहीच बिघडवू शकत नाही.